बाळूचा अहवाल

"नाव विचारतंय हे," शिंत्रे सर म्हणाले. "काय टाकू?"

आजऱ्याच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात आम्ही नाश्त्याला बसलो होतो. सरांच्या एका हातात थालीपीठ होतं आणि दुसऱ्या हातात फोन. फोनला लोणी लागू नये म्हणून तो त्यांनी हातभर लांब धरला होता. मी वाकून पाहिलं. पडद्यावर एवढंच विचारलं होतं: तुला काय म्हणून हाक मारू?

"खरं नाव नको सर," मी म्हणाले. "ओळखतील."

"ते कळतंय मला." ते थोडा वेळ समोरच्या फणसाकडे बघत राहिले. मग अंगठ्याने एकेक अक्षर शोधून त्यांनी लिहिलं: बाळू.

आम्ही दोघं म्हणजे समिती होतो. आमच्या संस्थेचं एक कॉलेज आजऱ्याच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी, आंबेखिंडला आहे. कॉलेजं बंद होती त्या काळात तिथल्या मराठी विभागाने 'लेखन-सोबत' नावाची एक सेवा सुरू केली होती. विद्यार्थ्याने निबंध, भाषण, अर्ज, काहीही लिहावं, फोनवरून पाठवावं, आणि त्याच दिवशी त्यावर उत्तर मिळावं, अशी सोय. कॉलेजं उघडली तरी ती चालूच राहिली. संस्थेचे सचिव आनंदराव नलवडे यांना मात्र ती जिथून चालते ती खोली आणि उत्तरं लिहिणाऱ्या बाई नव्या स्पर्धा परीक्षा केंद्रासाठी हव्या होत्या. म्हणून मूल्यमापन समिती नेमली गेली. समिती नेमली म्हणजे काय ठरलंय, हे आमच्याकडे शिपायालाही कळतं. संध्याकाळी सचिव स्वतः यायचे होते. अहवाल ऐकून निर्णय ते तिथल्या तिथे देणार होते.

समितीचे अध्यक्ष निवृत्त प्राचार्य बळवंतराव शिंत्रे. संस्थेत कुणाचा सत्कार असो नाहीतर कुणाचा निरोप, मानपत्र लिहायचं ते सरांनीच. त्यांचं एक वाक्य सुटलं की कोल्हापूरच्या कावळा नाक्यापासून थेट रंकाळ्याला पोचायचं आणि वाटेत कुठे श्वास घ्यायचं नाही. त्या काळात ते आत्मचरित्र लिहीत होते. त्याचं पहिलं प्रकरण त्यांनी आम्हा सगळ्यांना दिलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी ते न वाचता 'अप्रतिम' म्हणून परत केलं होतं. मी संख्याशास्त्र शिकवत होते, नोकरीत नवी होते आणि सचिवांना नाही म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. माझं काम तक्ते जोडायचं. विद्यार्थी समाधानी आहेत, असं माझे तक्ते सांगत होते, पण ते मला कुणी विचारलं नव्हतं.

अहवाल तर तयारच होता. सरांनी तो आदल्या आठवड्यात कोल्हापुरात बसून लिहिला होता. 'सर्वंकष विचारांती समिती या निष्कर्षाप्रत आली आहे' असं त्यात होतं, आणि समितीने तेव्हा आजऱ्याचा रस्तासुद्धा बघितला नव्हता.

तरी सर न्यायी माणूस. निदान एकदा ती सेवा तपासून बघू, असं त्यांचंच म्हणणं. त्यासाठी त्यांनी 'वृक्षारोपण: काळाची गरज' असा एक निबंध मुद्दाम चुकांनी भरून तयार केला होता. चुका करताना हात वळत नव्हता म्हणे. त्यातल्या किती चुका बाईंना सापडतात ते बघायचं होतं.

मी करून देते म्हणाले, पण सरांना ते कमीपणाचं वाटलं. त्यांनी स्वतःच फाइल निवडली, स्वतःच बटण दाबलं, फोन पालथा ठेवला आणि थालीपीठाकडे वळले.

"पाठवलं," ते म्हणाले. "आता बघू बाई किती पाण्यात आहेत."

आंबेखिंडला आमचं स्वागत रीतीप्रमाणे झालं. शाल, श्रीफळ, प्राचार्य केसरकरांचं भाषण, आणि एका मुलीने गायलेलं स्वागतगीत. मग प्राचार्य आम्हाला जिन्याखालच्या एका खोलीत घेऊन गेले. आत एक संगणक, दोन खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या. तिसरी खुर्ची शेजारच्या वर्गातून आणवली.

बाईंचं नाव यास्मिन तकीलदार. आजऱ्याच्याच, मराठीत एम.ए. झालेल्या, तिशीच्या आतल्या. आम्ही कशासाठी आलोय हे त्यांना पक्कं माहीत होतं. सेवा बंद झाली तर त्यांनी स्पर्धा परीक्षेच्या मुलांकडून व्याकरणाचे पर्याय घोकून घ्यायचे, हे आधीच त्यांच्या कानावर घातलं होतं. तरी त्यांनी हसतच आमच्यापुढे पाणी ठेवलं. ही सेवा फोनवरूनच कशाला, वर्गात का नाही, असं सरांनी विचारलं, तेव्हा त्यांनी खिडकीतून फाट्याकडे बोट केलं. मुलं वाड्यावस्त्यांवरून येतात, दुपारची एसटी गेली की पुढची गाडी नाही. अडतं ते घरी गेल्यावर, लिहायला बसल्यावर. आणि वर्गात ज्या मुली तोंड उघडत नाहीत त्या इथे टोपणनावाने पानंच्या पानं लिहितात.

"बरं. एका लेखात साधारण किती चुका काढता?" सरांनी विचारलं.

"आधी काढतच नाही सर."

"मग करता काय?"

"मला काय समजलं ते एका वाक्यात सांगते. आणि एक प्रश्न विचारते. तेवढंच." त्या जरा थांबल्या. "पोरांना धक्काच बसतो सर. लिहायचं असतंय एक आणि मला समजलेलं असतंय भलतंच. मग आपलं आपण पुन्हा लिहितात. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ज्याच्या चुकाच काढायच्या नाहीत तो निबंध त्यांनी एवढ्या कष्टाने कशाला बिघडवला, असं काहीतरी त्या नजरेत होतं. मग त्यांनी नमुने मागितले. दोन-चार मुलांचं लेखन आणि त्यावर दिलेली उत्तरं, अहवालाला जोडायला.

"ते दाखवता यायचं नाही सर."

प्राचार्यांनी घसा खाकरला. समितीला दाखवायला काही हरकत नाही, असं ते घाईघाईने म्हणाले. बाई मात्र हलल्या नाहीत.

"मुलांना शब्द दिलाय. त्यांनी लिहिलेलं त्यांच्याशिवाय आणि माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. आज सकाळीच एकाचं आलंय, नवा दिसतोय. वाचून हसून हसून पुरेवाट झाली माझी. तेही दाखवायला मिळालं असतं तर बरं वाटलं असतं, पण नाही."

"नमुने दिले नाहीत, असं अहवालात लिहावं लागेल," सर म्हणाले. "त्याचा परिणाम काय होईल तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय सर. लिहा. पण त्या पोराचं मागू नका. विश्वासानं पाठवलंय त्यानं, आणि ते बाहेर गेलं तर बिचाऱ्याची खैर नाही."

सर उठले. आमचं काम झालं, असं त्यांनी प्राचार्यांना सांगितलं. प्राचार्य बाईंकडे असं बघत होते, जणू त्यांनी श्रीफळच खाली पाडलं होतं.

व्हरांड्यात आल्यावर सरांनी खिशातून फोन काढला. उत्तर येऊन पडलं होतं. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, चष्मा खाली केला आणि पुन्हा वाचलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"बाळू, नमस्कार. या नावाने तुझं पहिलंच लेखन दिसतंय, म्हणून आधी स्वागत. मला समजलं ते असं: कुणाला तरी एक सेवा बंद करायची आहे आणि त्याने ती पाहिलेली नाही. आज समिती येणार म्हणून तू हे लिहिलंस ना? अहवालाच्या भाषेची नक्कल इतकी हुबेहूब केली आहेस की 'सर्वंकष विचारांती'ला मी खोलीत एकटीच हसत बसले. पण हे कुणाला दाखवू नकोस. समितीचे सर मोठे लेखक आहेत म्हणे, उगाच त्यांना वाईट वाटेल. आता नक्कल पुरे, तू स्वतः बोल. प्रश्न एकच: तू ही सेवा कधी वापरली आहेस का?"

काय झालं होतं ते मला एका क्षणात कळलं. सरांनी वृक्षारोपण पाठवलंच नव्हतं. त्याच्या शेजारची, अहवालाची फाइल पाठवली होती. नशीब, सह्यांची जागा कोरी होती. हसू दाबायला मी तोंडाला पदर लावला, पण खांदे काही थांबेनात.

"हसा," सर म्हणाले. "माझी हुबेहूब नक्कल मीच केली."

फाइल चुकून गेली असं बाईंना कळवून टाकावं, असं मी सुचवलं. सरांनी हात वर करून मला थांबवलं. आम्ही मैदानाच्या कडेच्या कठड्यावर बसलो. समोर मुलं व्हॉलीबॉल खेळत होती. सर बराच वेळ बॉलकडे बघत होते, पण बॉल इकडचा तिकडे गेला तरी त्यांची मान हलत नव्हती.

"मॅडम, मघाशी ती बाई कुणाला पाठीशी घालत होती, आलं का लक्षात?"

"बाळूला."

"मला," सर म्हणाले. "माझ्यापासून."

मग ते हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून, शाल खांद्यावरून खाली येईपर्यंत. व्हॉलीबॉल खेळणारी पोरं थांबून बघायला लागली. सरांनी डोळे पुसले, फोन घेतला आणि उत्तर लिहिलं. माझ्या माहितीतलं ते त्यांचं सगळ्यात छोटं वाक्य: 'नाही वापरली.'

जेवण प्राचार्यांच्या घरी होतं. आजऱ्याचा घनसाळ भात, ओल्या काजूची उसळ, वर साजूक तूप. एरवी सर अशा पंगतीत दुसऱ्यांदा भात घेताना नको-नको म्हणत ताट पुढे करतात. त्या दिवशी त्यांनी ताटावर हात धरला तो खराच धरला. प्राचार्यांना वाटलं, समिती नाराज आहे. ते बिचारे आणखी काजू वाढत राहिले. सरांचं लक्ष मांडीवरच्या फोनकडे होतं. तेवढ्यात तो थरथरला.

हात धुवायच्या निमित्ताने ते परसात गेले, आणि मी त्यांच्या मागे.

"बाळू, खरं बोललास, शाबास. मग बंद का करायची? तुला खरंच तसं वाटत असेल तर तसं लिही. मी मदत करते, चांगला जोरदार लिहून घेऊ. पण एक तरी खरं कारण दे. तुझ्या तीन पानांत मला ते सापडलं नाही."

"बघा," सर म्हणाले. "बाईचीच खोली मोडायची, आणि बाई म्हणते पहार मी देते."

त्यांनी तिथेच पेरूच्या झाडाला टेकून लिहायला घेतलं. या वेळी उत्तर दोन ओळींचं होतं. मला त्यांनी ते वाचून दाखवलं, बहुतेक धीर यावा म्हणून. 'मला लिहायला कुणी शिकवलं नाही. मोठे शब्द घातले की लोक वाचत नाहीत आणि सही करतात, हे मात्र लवकर कळलं.' पाठवून झाल्यावर ते एखाद्या पोराने परीक्षेचा पेपर देऊन यावं तसे निवांत झाले. उत्तर आलं तेव्हा आम्ही फाट्याकडे चालत निघालो होतो. खरं कारण हवं तर मुलांनाच विचारलं पाहिजे, असं सरांनी ठरवलं होतं आणि दुपारची एसटी यायची वेळ झाली होती.

"बाळू, हे दोन ओळींचं लिहिलंस ते सगळ्या अहवालापेक्षा भारी आहे. हे अहवालात का नाही?"

सर ते चालताना पुन्हा पुन्हा बघत होते. मला वाटलं, कौतुक चाखताहेत. पण माझ्या हेही लक्षात आलं की ते दर वेळी सुरुवातीपाशीच थांबतात आणि पुढचं न वाचता फोन खिशात ठेवतात.

फाट्यावर मुलामुलींचा घोळका होता. सरांनी शाल काढून माझ्याकडे दिली, म्हणजे कुणी ओळखायला नको, आणि एका मुलीशेजारी दगडावर बसले. ती बहुधा सकाळी स्वागतगीत गाणारीच होती, त्यामुळे शाल काढण्याचा काही उपयोग झाला नाही. लेखन-सोबतचा काय त्रास आहे, असं त्यांनी सरळ विचारलं. काय उपयोग आहे, असं विचारलं नाही.

मुलीने मैत्रिणींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खरं सांगू सर? बाई नुसतं विचारत बसत्यात."

"म्हणजे?"

"मला ग्रामसभेत बोलायचं होतं. आमच्या वाडीपर्यंत गाडी येत नाही म्हणून. मला वाटलं बाई भाषण लिहून देतील. तर त्यांनी विचारलं, गाडी चुकली की तू काय करतीस. मी लिहून पाठवलं. मग म्हणाल्या, चालत जाताना वाटेत काय लागतंय. तेबी लिहिलं. मग म्हणाल्या, तुझी आई कुठवर न्यायला येती. असं करत करत सगळं मलाच लिहायला लागलं की."

"मग गाडी आली का वाडीला?"

"अजून नाही. पण मी बोलत होते तवर सभेत कुणी मधी बोललं नाही."

आणखी एकाची तक्रार होती. बाई आजारी पडल्या होत्या तेव्हा उत्तरच आलं नव्हतं, आणि तेव्हा नेमकं त्याला नोकरीच्या मुलाखतीसाठी लिहायचं होतं. एवढ्यात गाडी आली. घोळका आत शिरला, आणि ती मुलगी खिडकीतून ओरडून म्हणाली की बाईंना हे सांगू नका, चिडतील. सरांनी मान डोलावली. शब्द देण्याची सवय त्यांना त्याच दिवशी लागत होती.

गाडी गेल्यावर फाट्यावर आम्ही दोघंच उरलो.

"सापडलं का सर कारण?" मी विचारलं.

"सापडलं." ते त्याच दगडावर पुन्हा बसले. "पण ते बंद करण्याचं नाही. पेन द्या जरा."

संध्याकाळी नलवडे साहेबांसमोर त्या कागदावर दुसरी सही माझी असणार होती. पण सर लिहीत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते, आणि मधूनच स्वतःशी म्हणत होते, "काय समजलं? एका वाक्यात सांग, काय समजलं?" असा आनंदात लिहिणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता.

चार वाजता सचिवांची गाडी आली. प्राचार्यांच्या केबिनमध्ये सगळे जमलो. यास्मिनबाईंना निर्णय ऐकायला बोलावलं होतं. त्या दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. संगणक बंद करून, खोलीची किल्लीच हातात घेऊन आल्या होत्या. सचिवांनी चहा मागवला, लवकर आटपू म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात केंद्राचं उद्घाटन कुणाच्या हस्ते करायचं याचा विषयही काढला. सरांनी तो तीन पानांचा तयार अहवाल टेबलावर ठेवला नाही. पाठकोरा एक कागद काढला, उभे राहिले आणि वाचायला लागले.

"मला समजलं ते असं. या कॉलेजात लिहिताना अडलेल्या मुलाला प्रश्न विचारणारं एक माणूस आहे. ते त्याला लिहून देत नाही, त्यालाच लिहायला लावतं. मुलांना याचा कंटाळा येतो, आणि लिहिता येतं. सेवेत दोष दोन. बाई एकटी आहे, त्यामुळे ती आजारी पडली की सेवाही आजारी पडते. आणि ती समितीला नमुने दाखवत नाही. पहिला दोष संस्थेने दुसरं माणूस देऊन दूर करावा. दुसरा दोष तसाच ठेवावा. मी ही सेवा स्वतः वापरली आहे. ती बंद करू नये."

सर खाली बसले. पहिल्या वाक्यालाच बाईंनी मान वर केली होती. आता त्या सरांकडे अशा बघत होत्या, जणू ओळखीचा माणूस भलत्याच गावात भेटला होता.

"एवढाच?" सचिव म्हणाले.

"एवढाच."

"सर, आपलं बोलणं काय झालं होतं?"

"झालं होतं. तेव्हा मी बघितली नव्हती."

सचिवांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज वाढला नाही, पण केबिनमधला पंखा ऐकू यायला लागला. नमुने नाहीत, पुरावा नाही, हे मंडळापुढे कसं ठेवू, असं त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कुराडे मॅडम, तुमचं काय?"

मी सांगितलं की माझे तक्ते पहिल्यापासून हेच सांगत होते, आणि ते सचिवांपुढे सरकवले. सही मी वाचता येईल अशी केली.

"नमुना आहे माझ्याकडे," सर म्हणाले. "बाईंनी दिलेला नाही. माझाच आहे, म्हणून मी दाखवू शकतो."

त्यांनी फोन काढला आणि वाचायला सुरुवात केली. "बाळू, नमस्कार." यास्मिनबाईंच्या हातातली किल्ली खाली पडली. सर थांबले नाहीत. 'अहवालाच्या भाषेची नक्कल' आली, 'सर्वंकष विचारांती' आलं, आणि 'समितीचे सर मोठे लेखक आहेत म्हणे, उगाच त्यांना वाईट वाटेल' हे तर त्यांनी दोनदा वाचलं. प्राचार्य केसरकर खिडकीबाहेर बघायला लागले. बाईंनी ओढणीत तोंड लपवलं होतं.

पहिले हसले ते नलवडे साहेब. टेबल हलून चहा सांडेपर्यंत हसले.

"सर, राग मानू नका," ते म्हणाले. "तुमचे अहवाल ऐकत ऐकत माझे केस पांढरे झाले. पण समजलेला हा पहिलाच."

मग त्यांनी तो पाठकोरा कागद जवळ ओढला, पुन्हा एकदा वाचला, आणि प्राचार्यांना वरच्या मजल्यावर एखादी खोली रिकामी आहे का ते विचारलं. होती. केंद्र तिकडे करायचं ठरलं. जिन्याखालची खोली आहे तशी राहील, आणि दुसऱ्या माणसाचं बघू. 'बघू' म्हणजे आमच्याकडे 'नाही' असतं, पण सचिवांनी ते कागदावर लिहून खाली सही केली, आणि पुढच्या जूनमध्ये ते माणूस खरंच आलं.

निघताना बाई गाडीपर्यंत आल्या. डोळे ओले होते आणि चेहरा हसून हसून लाल. पोरांना आजच कळवते, असं त्या मला दोनदा म्हणाल्या. मग धीर करून सरांकडे वळल्या.

"सर, मी तुम्हाला अरे-तुरे केलं हो. फार चुकलं माझं."

सर काहीतरी बोलतील असं मला वाटलं. एरवी असल्या प्रसंगी त्यांच्या तोंडून एक अख्खं मानपत्र निघालं असतं. पण त्यांनी नुसते हात जोडले आणि गाडीत बसले.

आंबेखिंड सोडली की बराच वेळ फोनला रेंज नसते. ड्रायव्हर सदाशिव जुनी गाणी लावून निवांत चालवत होता. झाडांच्या शेंड्यांवर ऊन होतं, खाली रस्त्यावर सावली. मी इतकी खूश होते की मला गाण्याबरोबर गुणगुणावंसं वाटत होतं. सर मात्र सारखा फोन बघत होते, ठेवत होते, परत बघत होते.

"काय झालं सर?"

"चहा चालला होता तेव्हा एक गोष्ट केली मी." ते जरा संकोचले. "आत्मचरित्राचं पहिलं प्रकरण पाठवलंय तिला. बाळूच्या नावानं."

"मग छानच की."

"छान कसलं? आता तिला कळलंय मी कोण ते. आता 'आदरणीय सर, सादर प्रणाम' असं सुरू करील आणि शेवटी 'अप्रतिम' म्हणेल. सगळे तसंच म्हणतात. तुम्हीही म्हणालात." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "पाठवायलाच नको होतं. दिवसभर बरं चाललं होतं."

एक वळण आलं, दरी मागे पडली, आणि सरांचा फोन थरथरला.

त्यांनी तो उघडला नाही. माझ्या हातात दिला आणि स्वतः खिडकीबाहेर तोंड केलं.

"पहिला शब्द काय आहे तेवढा सांगा. बाकीचं राहू द्या."

मी उघडलं.

"बाळू," मी वाचलं.

सरांची पाठ हलली नाही. तसंच बाहेर बघत त्यांनी विचारलं, "पुढे?"

"बाळू, मला समजलं ते असं: सह्याद्रीच्या कुशीत, पुण्यपावन भूमीत, तुझा जन्म झाला. बाकी नऊ पानांत मला तू कुठे दिसला नाहीस. एकच प्रश्न विचारते. तुला बाळू कोण म्हणायचं?"

सदाशिवने गाणं बंद केलं होतं, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"आई," सर म्हणाले. मग चष्मा पुसला, माझ्याकडून फोन घेतला आणि पुढे वाकून ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "सदाशिव, गाडी जरा बाजूला घे बाबा. मला लिहायचंय."